फिरत्या चकतीची कड प्रकाशवेग का ओलांडत नाही?

प्रश्न:
पदवीच्या पहिल्या वर्षाला मी घूर्णन गती आणि विशेष सापेक्षता एकाच सत्रात शिकत आहे. कडेचा वेग म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेग. या सूत्रात कुठलीच मर्यादा दिसत नाही. मग चकती पुरेशी मोठी घेतली, तर कोनीय वेग कमी असूनही कड प्रकाशाच्या पुढे जायला हवी. तसे होत नाही हे मान्य आहे, पण नेमके कोणते गृहीतक मोडते, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १:
सूत्र शाबूत आहे. मोडते ते दृढ वस्तूचे गृहीतक. जिच्या कोणत्याही दोन कणांमधले अंतर कधीच बदलत नाही अशी वस्तू खरोखर असती, तर अक्षाला दिलेला पीळ त्याच क्षणी कडेला पोचला असता, आणि सापेक्षतेत तेच निषिद्ध आहे. पोलादात हा पीळ सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने सरकतो. शिवाय हा हिशेब एकदा स्वतः करून पाहाच: फिरणाऱ्या पातळ कड्यातला ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. घनता ७,८०० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि पोलाद १ गिगापास्कल ताण सोसते असे धरले, तर सेकंदाला साधारण ३६० मीटर वेगालाच कडे तुटते. त्रिज्या या हिशेबात येतच नाही, त्यामुळे चकती मोठी करून काहीही साधत नाही.

उत्तर २:
पदार्थ कितीही बळकट मानला तरी अडचण उरतेच. भौतिकशास्त्रज्ञ पॉल एरेनफेस्ट यांनी १९०९ मध्ये दाखवले, की सापेक्षतेनुसार परिघाचा प्रत्येक तुकडा गतीच्या दिशेने आखडायला हवा, पण त्रिज्या गतीला काटकोनात असल्याने तशीच राहते. म्हणजे कुठेही ताण न येता स्थिर चकतीला फिरती करणे शक्यच नाही. त्यातच कडेचा वेग प्रकाशवेगाजवळ जाईल तशी लागणारी ऊर्जा अमर्याद वाढत जाते.

उत्तर ३:
माझ्या मते चकती बाजूला ठेवून सुटे कण घ्यावेत, म्हणजे दोन्ही प्रकरणांचा सांधा स्वच्छ दिसतो. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे पण जड, अल्पायुषी कण) १४ मीटर व्यासाच्या कड्यात चुंबकीय क्षेत्राने फिरवत ठेवले होते आणि त्यांचा लॉरेंट्झ गुणक, म्हणजे वेगामुळे काळ किती पट मंदावतो तो आकडा, २९.३ होता. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे ६४ आले. त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या ०.९९९४ पट होता. ऊर्जा आणखी दिली असती तर संवेग आणि त्यासोबत कोनीय संवेग वाढत गेला असता, वेग मात्र जवळपास तिथेच राहिला असता.