तेरणेच्या गाळातला भूकंप: पुरावा की घाई?

काठावरचा: ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली, तेव्हा हा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे तेरणा नदीकाठच्या तेरला (जुनं तगर) संशोधकांनी जमिनीचे थर तपासले आणि साधारण दीड हजार वर्षांपूर्वीही इथे भूकंप झाला असावा असं मांडलं. मला ही घाई वाटते. नदीला पूर येतो, काठ ढासळतो, ओल्या चिखलावर एकदम वाळू साचली की खालच्या थराला वळ्या पडतात. त्याला हादरा कशाला हवा?

गाळकरी: नुसत्या वळीवर कुणी भूकंप ठरवत नाही हो. वाळूची शीर, म्हणजे खालून वर घुसलेली वाळूची पट्टी, शोधतात. हादऱ्याने पाणी धरलेल्या वाळूतला दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि वाळू-पाणी वरची चिकणमाती फोडून उसळतं. १८९७ ला आसामात आणि २००१ ला कच्छात लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय.

काळं रान: शिरा बघायच्यात तर एप्रिलमध्ये आमच्याकडे या. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसात रेती, काडीकचरा, एकदा तर पोराची गोटी आत गेली. हजार वर्षांनी खणणारा म्हणेल, भूकंप!

गाळकरी: गोटीनेच घात केला तुमचा :) वरून भरलेली भेग वर रुंद, खाली निमुळती. खालून आलेली शीर तळच्या वाळूला जोडलेली असते, कडेचे थर वर वाकलेले असतात. गोटी खालून येत नाही.

काठावरचा: हे मान्य. पण तारीख? तुटलेल्या थरातला कोळसा आणि वरच्या अखंड थरातला कोळसा, कार्बन-१४ ने (कोळशाचं वय काढायची पद्धत) कळतो तो या दोघांमधला काळ. तो कधीकधी शेकडो वर्षांचा निघतो. स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न सरोवरात १६०१ च्या भूकंपाने तळाचा गाळ अनेक ठिकाणी एकदमच घसरला, वर तेव्हाची लेखी नोंदही आहे. ते मी मानतो. तेरणेकाठी अजून पाच ठिकाणी तसंच, त्याच काळातलं दाखवा.

गाळकरी: तोवर काय करायचं? किल्लारीत माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. घर बांधायला मला अर्धा पुरावाही पुरतो.

काठावरचा: घरं पक्की बांधा, माझी ना नाही. फक्त एका शिरेवरून ‘दर इतक्या वर्षांनी’ असला आकडा काढू नका.

काळं रान: पाच ठिकाणी खणा खुशाल, पण पेरणीच्या आधी. आणि खड्डे बुजवून द्या.