फ्लाय बांधताना हॅकल (गळाभोवती गुंडाळलेलं पीस) फिरतं आणि डोकं जाड होतं : मदत हवी आहे

मंडळी, मासेमारीच्या क्लासिक फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेली नकली आमिषं, बांधायला शिकतोय. सुरुवात पार्ट्रिज अँड ऑरेंज नावाच्या फ्लायने. १२ नंबरचा गळ, अंगाला दादरला शिवणसामानाच्या दुकानात मिळालेला नारिंगी रेशमी दोरा, पार्ट्रिजच्या (तित्तराच्या) पिसाऐवजी कोंबडीचं पीस. पीस गुंडाळताना तुटतं, नाहीतर बोट लागलं की दांडीभोवती अख्खं फिरतं. गळाच्या डोळ्याशी (नायलॉन ओवायच्या भोकाशी), म्हणजे फ्लायच्या डोक्याशी, दोऱ्याचा गोळा होऊन नायलॉन आत जात नाही. शेवटी नेलपॉलिश लावलं की तंतूच चिकटून बसतात. पुढे जॉक स्कॉट ही फ्लाय बांधायची आहे. तिच्यात ज्याची पिसं लागतात तो जंगल कॉक म्हणजे सह्याद्रीतला राखी रानकोंबडाच ना? मग पिसं इथेच मिळतील का?

प्रतिसाद १
गोळा होतो तो जागेचा हिशेब चुकल्याने. डोळ्याच्या लांबीच्या दीडपट जागा मागे मोकळी सोडा, दोरा तिथूनच सुरू करा. वेढ्याला वेढा चिकटवत गळाच्या टोकाच्या वरपर्यंत न्या, तसाच परत आणा. अंग झालं. शिवणाचा दोरा पिळाचा असतो, म्हणून उंचवटे येतात. बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं हत्यार) लोंबती सोडून पिळाच्या उलट फिरवा, दोरा चपटा बसेल. तरीही जाड वाटला तर पदर सोडवून एकच वापरा. रेशीम भिजलं की रंग गडद होतो, तेव्हा कोरड्या रंगावर जाऊ नका.

आता पीस. बुडाची लव काढून टाका. शेंड्याला छोटा त्रिकोण राखून बाकीचे तंतू उलटे चोळा. तो त्रिकोण चार घट्ट वेढ्यांखाली बांधा. दोन सैल वेढ्यांवर भागवलं की पीस फिरणारच. शेंड्याकडे दांडा बारीक असतो, म्हणून पहिला वेढा अगदी हलक्या हाताने, तंतू मागे सारत. एकूण दोनच वेढे. तिसरा घ्यायचा मोह होतो, पण ही फ्लाय विरळच हवी. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोचले की पुरे. आणि चुकलं तर सोडवा. वर दोरा चढवून चूक झाकायला गेलात की पुन्हा तोच गोळा.

नेलपॉलिश डोक्यावर थेंब सोडून लावूच नका. दोऱ्याच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरला पुसटसं लावा आणि त्याच दोऱ्याने चार-पाच वेढ्यांचं व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवणारी शेवटची गाठ) करा. बाटली घट्ट झाली असेल तर थिनरचे दोन थेंब.

प्रतिसाद २
कोंबडीवाल्याकडे मागायचं तर गावठी कोंबडीच्या मानेचं नाहीतर खांद्याचं, तपकिरी ठिपक्यांचं पीस मागा. कोंबड्याचं मानेचं पीस ताठ, ते पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला. इथे मऊच हवं. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये, म्हणजे आत राहिलेली कसर मरते. ओलं बंद केलंत तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. गळांच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका, खारी हवा गळ सोडत नाही.

प्रतिसाद ३
जंगल कॉक म्हणजे राखी रानकोंबडाच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात, मागणी त्यांनाच. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे. गावाकडून कुणी आणून देतो म्हणाला तरी नाही म्हणा. छापील नकली ठिपके लावा किंवा ती जागा सोडून द्या. मासा विचारत नाही. गंमत म्हणजे त्याच जॉक स्कॉटच्या शेपटीतला 'इंडियन क्रो' नावापुरताच इंडियन, पक्षी दक्षिण अमेरिकेचा. तिथेही रंगवलेलं पीस चालतं.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद! दोरा नक्की किती ताणायचा?

प्रतिसाद १
शेगड्यात (गळ घट्ट पकडणाऱ्या व्हाइसमध्ये) रिकामा गळ धरा, पाच-सहा वेढे घ्या आणि दोरा तुटेपर्यंत मुद्दाम ओढा. असं पाच वेळा. कुठे तुटतो ते हाताला कळतं, मग त्याच्या किंचित अलीकडे थांबायचं.