ब्लेकचा खरा चेहरा कुठला?

निळी शाई:
कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकच्या चेहऱ्यावर प्लास्टर घालून, तो जिवंत असताना घेतलेला मुखवटा लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. साल १८२३, ब्लेक पासष्टीचा. माझं ठाम मत आहे की ब्लेकचं याहून खरं चित्र नाही. थॉमस फिलिप्सने १८०७ मध्ये रंगवलेला ब्लेक हातात पेन्सिल धरून वर कुठेतरी नजर लावून बसलाय. कवी कसा दिसावा, हे तिथे फिलिप्सने ठरवलं. मुखवट्यात असा कुणाचा हात मध्ये येत नाही. भलंमोठं कपाळ, मिटलेले डोळे, घट्ट आवळलेले ओठ. माणूसच समोर येतो.

साचेवाला:
नाही पटत. मी १२ वर्षं साच्यांचं काम करतोय. ओल्या प्लास्टरच्या वजनाने गाल दबतात, जमताना ते तापतं, तोंड उघडता येत नाही. माणूस आपसूक जबडा आवळतो. माझ्या भावाचा साचा घेतला तेव्हा भुवयांना व्हॅसलिन कमी पडलं. घरभर हसत फिरणारा पोरगा, साच्यात कुणावर तरी खवळल्यासारखा दिसतो. ब्लेकचंही तेच झालं. त्याचा तरुण चित्रकार मित्र जॉर्ज रिचमंड याने सांगून ठेवलंय की प्लास्टरबरोबर ब्लेकचे बरेच केस उपटून आले, आणि तोंडावरचा तो कठोरपणा त्या त्रासाचा आहे. त्या आवळलेल्या ओठांत तुम्ही कवी शोधताय!

पिंपळपान:
साचा घेणारा जेम्स डेव्हिल कवटीच्या उंचवट्यांवरून बुद्धी आणि स्वभाव सांगणाऱ्यांपैकी होता, हेही विसरू नका. कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून त्याला हे डोकं हवं होतं. ते शास्त्र केव्हाच निकालात निघालं.

निळी शाई:
डेव्हिलचं शास्त्र खोटं ठरलं म्हणून ठसा कसा खोटा ठरेल? १९५५ मध्ये चित्रकार फ्रान्सिस बेकनने याच मुखवट्यावरून चित्रं केली, अंधारात तरंगणारं डोकं. त्यात त्याला जिवंत काही दिसल्याशिवाय का?

साचेवाला:
बेकनने ब्लेकला कधी पाहिलं नव्हतं. मी ब्लेकच्या बायकोचं, कॅथरीनचं ऐकेन. १७८२ मध्ये लग्नाच्या नोंदीत तिने सहीऐवजी फुली केली होती. नवऱ्याने तिला लिहाय-वाचायला शिकवलं, पुढे ती त्याची पानं छापू-रंगवू लागली. मुखवटा झाला तेव्हा संसाराला ४१ वर्षं झाली होती. तिला तो आवडला नाही. रिचमंडला वाटलं, रोज पाहिलेले त्या चेहऱ्यावरचे बदलते भाव तिला त्यात सापडले नसावेत.

निळी शाई:
कॅथरीनपुढे मी काय बोलणार? ‘याहून खरं नाही’ हे मागे घेते. पण त्या कपाळाची ठेवण, नाकाचा आकार प्लास्टरच्या त्रासाने बदललेला नाही. तेवढं मी सोडणार नाही.

साचेवाला:
कपाळ तुमचं, कबूल. तोंडाचं मात्र या मुखवट्याला विचारू नका.

पिंपळपान:
मग जिथे जिथे या मुखवट्याचा फोटो छापतात, तिथे खाली त्या उपटलेल्या केसांची गोष्टही छापावी. मी इतकी वर्षं त्या ओठांना ब्लेकचा करारीपणा समजत होतो.