विषय: डाउनटाउनमधील पाटीची सुनावणी, तातडीचे

प्रेषक: अक्का
सर्वांना नमस्कार. माझ्या दुकानाच्या पाटीसाठी मागितलेल्या व्हेरियन्सची (झोनिंगच्या, म्हणजे जागेच्या वापराच्या, नियमांतून सूट मिळण्याची) सुनावणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता लागली आहे. झोनिंग ऑफिसरने परवाना नाकारताना दोन कारणे लिहून दिली आहेत. एक, पाटीचे क्षेत्रफळ डाउनटाउनच्या मर्यादेपेक्षा जास्त भरते. दोन, त्या भागात बाहेरून दिवा टाकलेलीच पाटी चालते आणि आमच्या पाटीच्या अक्षरांत दिवे आहेत. तुम्ही प्रत्येकाने सुनावणी घेणाऱ्या झोनिंग बोर्डाच्या सर्व सदस्यांना ईमेल पाठवावी, अशी कळकळीची विनंती आहे. पत्राचा नमुना सोबत जोडला आहे, नाव घालून पाठवले तरी पुरे. आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर अध्यक्षांचे एक पत्र मिळाले तर फारच बरे होईल. पार्किंगच्या वेळी आपण सर्वांनी मिळून पत्रे पाठवली होती आणि कौन्सिलने ऐकले होते, याची आठवण करून देते.

प्रेषक: नाना
अक्का, सादर नमस्कार. कृपया कोणीही, पुन्हा लिहितो, कोणीही बोर्डाच्या सदस्यांना ईमेल पाठवू नये. पार्किंगचा प्रश्न कौन्सिलपुढे होता आणि कौन्सिल ही कायदे करणारी संस्था आहे. तिच्या सदस्यांना नागरिकांनी लिहिणे, भेटणे, फोन करणे हे सर्व योग्यच आहे. झोनिंग बोर्ड मात्र अर्धन्यायिक आहे. न्यू जर्सीच्या 1975 च्या म्युनिसिपल लँड यूज लॉप्रमाणे तेथे शपथेवर साक्ष होते, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते आणि निर्णय त्या नोंदीवरच द्यावा लागतो. सुनावणीबाहेर सदस्यांच्या हाती पोहोचलेले पत्र उलटतपासणीला उभे राहू शकत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग शून्य, आणि विरोधकाच्या वकिलाला मात्र आयते हत्यार मिळते. शंभर पत्रांपेक्षा शपथ घेऊन तीन मिनिटे बोलणारी चार माणसे कितीतरी मोलाची आहेत.

दुसरे, आपल्या यादीत असलेले एक सभासद त्या बोर्डावर पर्यायी सदस्य आहेत, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांना या चर्चेतून वगळावे, अशी सचिवांना विनंती आहे. ज्या प्रकरणात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल त्यात सदस्याने भाग घेऊ नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. ते दूर राहतील की नाही हे त्यांनी त्यांच्या वकिलांना विचारून ठरवावे. आपण त्यांना अडचणीत आणू नये.

आता नमुन्याच्या पत्राविषयी. धंदा मंदावला आहे, कर्जाचे हप्ते आहेत, दुकान लांबून दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक पुढे निघून जाते, हे सारे खरे आहे आणि मला मनापासून वाईट वाटते. पण त्याच कायद्यातील ‘सी’ प्रकारच्या व्हेरियन्सच्या पहिल्या वाटेत अडचण जागेची असावी लागते, मालकाची नव्हे. भूखंड विलक्षण अरुंद किंवा उथळ आहे, त्याचा आकार वेडावाकडा आहे, जमिनीला चढउतार आहे, किंवा त्यावरच्या जुन्या इमारतीमुळे त्याच जागेपुरती काही असाधारण स्थिती निर्माण झाली आहे, असे दाखवावे लागते. अक्कांच्या इमारतीला दर्शनी कमानींचा व्हरांडा आहे आणि दुकानाची भिंत त्याच्या आत बरीच मागे आहे. फुटपाथवरच्या दिव्याचा उजेड तेथपर्यंत पोहोचत नाही, आणि बाहेरून टाकलेल्या दिव्याला दांडी बसवायला कमानीखाली जागाच उरत नाही. युक्तिवाद हा आहे, आणि तो पत्रात एका ओळीचाही नाही.

दुसरी वाट आहे लाभ विरुद्ध हानी या तुलनेची. तिथेही 1988 च्या कॉफमन विरुद्ध वॉरन टाउनशिप या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लाभ केवळ अर्जदाराचा नको, गावाचा हवा, असे बजावले आहे. दोन्ही वाटांनी गेले तरी सार्वजनिक हिताला आणि गावाच्या झोनिंगच्या आराखड्याला मोठी बाधा येणार नाही, हे सिद्ध करावेच लागते. दुकान कंपनीच्या नावावर असल्याने वकिलाखेरीज बोर्डापुढे उभे राहता येणार नाही, हे अक्कांना ठाऊक असेलच.

प्रेषक: भाऊ
नानांचा अभ्यास मान्य आहे, पण मूळ मुद्दा बाजूला पडतो आहे असे मला वाटते. पाटी देवनागरीत आहे म्हणूनच हा त्रास होतो आहे, असे स्पष्ट म्हणायला आपण का कचरतो? तिकडे महाराष्ट्राने 2022 मध्ये कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असेही घातले, आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तिथे जे बंधनकारक आहे ते इथे मागून का घ्यावे लागावे? मंडळाने लिपीचा प्रश्न म्हणूनच हे प्रकरण लढवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रेषक: नाना
भाऊ, आपल्या भावनेचा मी आदर करतो, पण हा मुद्दा बोर्डापुढे नेऊ नका. या देशात लिपीचा प्रश्न न्यायालयात गेलेला आहे आणि तो आपल्या बाजूने सुटलेला आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना शहराने परकीय अक्षरे असलेल्या पाटीचा निम्मा भाग इंग्रजी वर्णमालेत असावा असा नियम केला होता. 1989 मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने तो रद्द केला. आपल्या गावाच्या ऑर्डिनन्समध्ये (स्थानिक कायद्यात) लिपीविषयी एक अक्षरही नाही, फक्त आकार आणि प्रकाश आहे. आकार, जागा आणि प्रकाश यांवर मजकूर न पाहता नियम घालण्याचा अधिकार गावाला आहे. उलट 2015 च्या रीड विरुद्ध टाउन ऑफ गिल्बर्ट या निकालाने पाटीवर काय लिहिले आहे ते वाचून कमीजास्त नियम लावणे अत्यंत कठीण करून ठेवले आहे. ‘देवनागरी आहे म्हणून सवलत द्या’ असे म्हटले की बोर्डाचा वकील हाच निकाल पुढे करील. आपण मजकुराविषयी काहीच बोलायचे नाही, यातच आपले हित आहे.

प्रेषक: बापू
नानांच्या शेवटच्या वाक्याला एक जोड देतो, कारण पाट्या बनवणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि अक्कांचे रेखाचित्र मी पाहिले आहे. अडचण लिपीत नाही, मोजमापाच्या पद्धतीत आहे. दुकानाचा दर्शनी भाग 20 फूट रुंद, म्हणून दर फुटाला एक चौरस फूट या हिशेबाने पाटीला 20 चौरस फूट मिळतात. ऑर्डिनन्सप्रमाणे सर्व अक्षरे ज्यात मावतील असा सर्वांत लहान आयत काढायचा आणि त्याचे क्षेत्रफळ धरायचे. पाटीवर ‘पुरणपोळी’ हा शब्द आहे. त्यातील अक्षरांची मूळ उंची 18 इंच आणि लांबी 10 फूट, म्हणजे 15 चौरस फूट. हे मर्यादेत बसते. पण ‘पु’चा उकार खाली लोंबतो, आणि ‘पो’ची मात्रा व ‘ळी’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते. वरखालची सगळी रिकामी जागा आयतात धरली की उंची 30 इंच होते आणि क्षेत्रफळ 25 चौरस फूट. जास्तीच्या 10 चौरस फुटांत बहुतांश भिंतच आहे. रोमन कॅपिटल अक्षरांना ही अडचण येत नाही.

दुसरे असे, की रोमन अक्षरे एकेक वेगळी असतात आणि एकेक करून भिंतीला लावता येतात. शिरोरेषेमुळे आपला शब्द मात्र एक सलग डबा होतो. तो जड असतो, मधला एक एलईडी पट्टा गेला तर सगळा उतरवावा लागतो, आणि त्याच्या पाठीमागून वायर नेण्याची छिद्रे जुन्या विटांत पाडताना फार सांभाळावे लागते. मी शिरोरेषा वेगळी पट्टी म्हणून कापतो आणि अक्षरे तिच्याखाली बारीक फट ठेवून टांगतो. लांबून ती एकसंध दिसतात.

उजेडाबद्दल माझा सल्ला असा आहे की समोरून पेटणारी प्लॅस्टिकची तोंडे सोडून द्यावीत आणि पाठीमागून भिंतीवर उजेड सांडणारी बंद धातूची अक्षरे घ्यावीत. दिव्याचा बिंदू कुठेच डोळ्यांवर येत नाही, अक्षर काळे दिसते आणि कडेने प्रभा दिसते. मात्र गडद लाल वीट उजेड पिऊन टाकते, म्हणून अक्षरांमागे फिकट रंगाचा मॅट पत्रा हवा. चकचकीत पत्रा लावला तर त्यात एकेक एलईडी आरशासारखा दिसतो. उजेडाचा रंग 3000 केल्विन किंवा त्याहून उबदार (पिवळसर) ठेवा. सुनावणीत कागदावरचा रंगीत फोटो दाखवू नका, त्यावरून कोणालाच काही कळत नाही. एक अक्षर खऱ्या मापात तयार करून रात्री भिंतीवर लावावे, फुटपाथच्या पलीकडून फोटो घ्यावा आणि तो फोटो घेणाऱ्यानेच साक्ष द्यावी. पाटीला यूएल 48 चे (विजेच्या पाट्यांच्या सुरक्षा मानकाचे) लेबल आणि डोळ्यांसमोर राहील असा वीज तोडण्याचा स्विच लागतोच, तो खर्च अंदाजपत्रकात धरा.

प्रेषक: ताई (खजिनदार)
लेटरहेडच्या पत्राविषयी आणि मंडळाने प्रकरण ‘लढवण्या’विषयी लिहिणे मला भाग आहे. आपण अमेरिकी करकायद्याच्या कलम 501(सी)(3) खाली करमुक्त संस्था आहोत. एका सभासदाच्या खासगी धंद्याच्या फायद्यासाठी मंडळाचा पैसा वापरता येणार नाही, आणि त्यात वकिलाची फी, जाहिरात, पोस्टाचा खर्च हे सर्व आले. येथे एक बारकावा आहे. झोनिंग बोर्डासारख्या प्रशासकीय संस्थेपुढे बोलणे हे करखात्याच्या नियमांप्रमाणे लॉबिंगमध्ये, म्हणजे कायदा करवून घेण्याच्या वा बदलवून घेण्याच्या खटपटीत, मोडत नाही. पण कौन्सिलकडे ऑर्डिनन्स बदलण्याची मागणी करणे मोडते, आणि ते आपण मर्यादित प्रमाणातच करू शकतो. म्हणजे व्हेरियन्समध्ये लॉबिंगची अडचण नाही, खासगी लाभाची आहे. ऑर्डिनन्सच्या दुरुस्तीत लॉबिंगची मर्यादा पाळावी लागते, पण तिचा लाभ सगळ्या रस्त्याला होतो. सभासदांनी व्यक्तिशः जाऊन साक्ष द्यावी, मंडळाच्या नावाने नव्हे. पार्किंगच्या वेळचा छपाईचा खर्च अजून कोणाच्या खात्यात घालायचा हे ठरलेले नाही, तोही विषय कार्यकारिणीने संपवावा.

प्रेषक: माई
त्या गुरुवारी नाटकाची तालीम ठरलेली आहे, आणि हॉलचे भाडे भरून झाले आहे. साक्षीदार जमवण्याचे काम सांस्कृतिक समितीकडे ढकलू नये, एवढे आधीच सांगते. तरीही एक अनुभव सांगावासा वाटतो. माझ्या मुलीच्या दवाखान्याची पाटी दुसऱ्या एका गावात अशाच सुनावणीला गेली होती. बोर्डाने तिला क्षेत्रफळाबद्दल फारसे विचारलेच नाही. सारा वेळ वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका आजोबांनी घेतला, कारण त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या छतावर रात्रभर निळा उजेड पडत असे. नोटीस 200 फुटांच्या आतील मालकांना जाते, भाडेकरूंना जात नाही, त्यामुळे ते येतील असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. तिच्या वकिलांनी मधल्या सुट्टीत त्यांच्याशी बोलून, पाटी रात्री दहाला आपोआप बंद होईल आणि उजेड कमी करण्याचा डिमर बसवला जाईल, अशा दोन अटी स्वतःहून देऊ केल्या आणि त्या ठरावात लिहून घेतल्या. अक्कांच्या दुकानावरही घरे आहेत. तेथे कोणी जाऊन बोलले आहे का?

प्रेषक: नाना
माईंचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बापूंच्या हिशेबाविषयी एक सुचवतो: बोर्डाकडे व्हेरियन्सशिवाय ऑर्डिनन्सचा अर्थ लावण्याची विनंतीही करता येते. ‘सर्वांत लहान आयत’ एकच घ्यायचा, की प्रत्येक घटकाभोवती वेगळा घेऊन त्यांची बेरीज करायची, हे मजकुरातून स्पष्ट होत नाही. झोनिंग ऑफिसरच्या निर्णयाविरुद्ध अपील 20 दिवसांत करावे लागते आणि ती मुदत संपत आली असेल, परंतु अर्थ लावून मागण्याची तरतूद वेगळी आहे. वकिलांनी ती मागणी अर्जात पर्याय म्हणून घालावी. अर्थ आपल्या बाजूने लागला तर क्षेत्रफळाचा व्हेरियन्स लागणारच नाही आणि फक्त प्रकाशाचा प्रश्न उरेल. घरमालकांनाही सांगा की व्हेरियन्स जागेला मिळतो, भाडेकरूला नव्हे. अक्का उद्या दुकान सोडून गेल्या तरी तो मालकांच्या इमारतीकडे राहतो, म्हणून मालकांनी साक्षीला यावे. निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर 45 दिवसांपर्यंत कोणीही न्यायालयात जाऊ शकतो, तोवर पाटीचा खर्च करू नये.

प्रेषक: भाऊ
खजिनदारांनी लिहिलेले वाचले. मग ऑर्डिनन्स दुरुस्तीसाठी मी स्वतंत्र धागा सुरू करतो. मोजमापात वरखालच्या मात्रांची रिकामी जागा धरू नये, एवढीच मागणी असेल. त्याचा उपयोग थाई किंवा अरबी पाट्यांच्या दुकानदारांनाही होईल, कारण त्यांच्याही लिपीत वरखाली चिन्हे येतात. कौन्सिलकडून तो मसुदा गावाच्या मास्टर प्लॅनशी (विकास आराखड्याशी) जुळतो का हे पाहण्यासाठी प्लॅनिंग बोर्डाकडे जाईल आणि त्यांना 35 दिवस मिळतील, एवढे मी वाचून ठेवले आहे.

प्रेषक: अक्का
नमुन्याचे पत्र कोणीही पाठवू नये, ते मी मागे घेते. वकिलांशी आज बोलले. अर्थ लावण्याची मागणी ते जोडणार आहेत, पण नोटिशीत तिचा उल्लेख नसेल तर बोर्डाला ती ऐकता येणार नाही असे त्यांनी सांगितले, म्हणून टॅक्स असेसरकडून 200 फुटांची यादी पुन्हा मागवून सुधारित नोटीस सुनावणीच्या दहा दिवस आधी सर्वांच्या हाती पडेल अशा बेताने सर्टिफाइड टपालाने पाठवत आहोत. बापू, पाठीमागून उजेड देणारा ‘पु’ करून मिळेल का? उकारासकट हवा, म्हणजे खाली किती रिकामी भिंत राहते तेही बोर्डाला दिसेल. वरच्या तिन्ही घरांत मी स्वतः जाऊन आले. दोघांची हरकत नाही. तिसऱ्या घरातील बाई रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात, त्यांना दिव्याचा त्रास नाही, पण पाटी बसवण्याच्या ड्रिलिंगचा होईल. ते काम संध्याकाळी पाचनंतर करू, असे त्यांना लिहून देते. शपथेवर बोलण्यास कोण कोण येईल, ते नावानिशी येथेच कळवावे.