'चयापचय' म्हटलं की लोकांना अपचन का आठवतं? (आणि फीट, आकडी, फेफरं)

ऊर्मिला_सांगली
फीट येणाऱ्या लहान मुलांना कीटो डाएट (भरपूर फॅट, अगदी कमी कार्ब असा मोजून दिलेला आहार) देतात, त्यांच्या आईवडिलांसाठी मराठी माहितीपत्रक लिहितेय. मेटाबॉलिक एपिलेप्सीला कोशातला 'चयापचयजन्य अपस्मार' घातला आणि वाचून दाखवलं तर एका आईने विचारलं, म्हणजे पोट साफ राहिलं की फीट थांबेल का? दुसरा अडलेला शब्द न्यूरोप्रोटेक्टिव्ह, म्हणजे मेंदूच्या पेशी वाचवणारं. 'चेतासंरक्षक' की 'मज्जारक्षक'?

गोदाकाठ
पच् धातू आहे ना त्यात, पचवणे. मग त्या आईचं काय चुकलं?

शब्दवेल्हाळ
पच् चा काही संबंध नाही हो. धातू 'चि', म्हणजे गोळा करणे, रचणे. संचय, उपचय त्यातलेच. चय म्हणजे शरीरात बांधणी, अपचय म्हणजे मोडणी, दोन्ही मिळून चयापचय. इतका नेमका शब्द असताना तो लोकांना कळत नाही म्हणून टाकून द्यायचा हे मला पटत नाही, वापरलाच नाही तर कळणार कधी?

पेडन्यूरो_ठाणे
ओपीडीत समोर घाबरलेले आईबाप असतात, तिथे धातू सांगत बसता येत नाही. मी सरळ सांगतो, मेंदूला इंधन मिळण्यात किंवा ते वापरण्यात गडबड आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण ऊर्जा खातो साधारण २० टक्के. ग्लूट-१ च्या आजारात रक्तातली साखर नॉर्मल असते पण ती मेंदूत नेणारं प्रथिन कमी, म्हणून पाठीतलं पाणी तपासलं की त्यात साखर कमी सापडते. कीटोन, म्हणजे शरीर फॅटपासून बनवतं ते इंधन, मात्र वेगळ्या वाटेने आत जातात, त्यामुळे या मुलांना कीटो डाएट हाच मुख्य उपचार.

पण हे सगळ्यांना लागू नाही. काही नवजात बाळांच्या फीट नेहमीच्या औषधांनी थांबत नाहीत आणि बी-६ जीवनसत्त्व दिल्यावर थांबतात. पोल्जी (POLG) नावाच्या जनुकात दोष असेल तर व्हॅल्प्रोएट या फीटच्या नेहमीच्या औषधाने लिव्हर निकामी होऊ शकतं. म्हणून 'मेटाबॉलिक' शब्द पत्रकात हवाच, फक्त त्याखाली दोन ओळी साध्या मराठीत हव्यात.

गोदाकाठ
आपल्या वैद्यांनी अपस्मारावर जुनं तूप सांगितलंच आहे की! कीटो म्हणजे तेच, आपणच नाव विसरलो.

पेडन्यूरो_ठाणे
नाही काका, तेच नाही. क्लासिक कीटोत ४ ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब मिळून १ ग्रॅम, सगळं काट्यावर मोजून. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या वाइल्डरनी हे सुचवलं ते उपवासात फीट कमी होतात हे दिसल्यावर, उपाशी शरीरात जे कीटोन बनतात ते खाऊनपिऊन बनवायचे म्हणून. पोळीभातावर चमचाभर तूप घालून कीटोन तयार होत नाहीत. कृपा करून कुणी घरच्या घरी सुरू करू नका, किडनी स्टोनपासून वाढ खुंटण्यापर्यंत बरंच सांभाळावं लागतं.

शब्दवेल्हाळ
न्यूरोप्रोटेक्टिव्हला 'चेतासंरक्षक'. आम्ही शाळेत मज्जासंस्था शिकलो पण मुलीच्या पुस्तकात चेतासंस्था आहे, आणि मज्जा म्हटलं की आता लोकांना बोनमॅरो वाटतो.

पेडन्यूरो_ठाणे
माझी हरकत 'संरक्षक' वर आहे. आईला वाटणार की या गोळीने मेंदू वाचला. फीट थांबवणं वेगळं आणि पेशी वाचवणं वेगळं. डोक्याला जबर मार लागलेल्यांना फेनिटॉइन हे फीटचं औषध दिलं तर पहिल्या आठवड्यातल्या फीट कमी होतात, पण पुढे एपिलेप्सी होणं टळत नाही, १९९० च्या मोठ्या चाचणीत हेच दिसलं. म्हणून आता या औषधांना फीटरोधक म्हणतात, एपिलेप्सीरोधक नाही. कीटोनमुळे मायटोकॉन्ड्रियाचं काम सुधारतं, ऑक्सिडेशनची झीज कमी होते हे प्राण्यांमधल्या प्रयोगांत दिसतं, पण माणसात तेवढं पक्कं नाही. 'मेंदूच्या पेशी वाचाव्यात म्हणून चाललेले प्रयत्न' असं लांबलचक लिहा पण खरं लिहा.

शब्दवेल्हाळ
वाक्याला शब्द म्हणत नाहीत डॉक्टर.

वऱ्हाडी_मी
तुम्ही 'अपस्मार' वर कोणी बोलूनच नाही राहिले. नटराजाच्या पायाखाली चिरडलेला बुटका असतो ना, त्याचं नाव अपस्मार. माझ्या बहिणीला हा आजार आहे, तिच्या रिपोर्टवर तो शब्द बघून मला अजून राग येतो. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमधे वेडासोबत एपिलेप्सी लिहिली होती, ती १९९९ ला काढली. कायद्यानं काढली पण सोयरीक करणाऱ्यांनी नाही. फीट म्हणा, सरळ.

शब्दवेल्हाळ
तुमचा राग समजू शकते, पण शब्दात शिवी नाही. अप म्हणजे जाणे, स्मर म्हणजे स्मृती, शुद्ध हरपणे इतकंच.

वऱ्हाडी_मी
ताई, अर्थ कोशात असतो, लोक नजरेनं बोलतात.

कृष्णाकाठची
आमच्याकडे तापात लहान पोराला येते ती 'आकडी' आणि मोठ्यांना पुन्हापुन्हा येतं ते 'फेफरं'. फेफरं फेसावरून आलं असणार, तोंडाला फेस येतो म्हणून.

पेडन्यूरो_ठाणे
व्युत्पत्ती माहीत नाही पण हा फरक फार कामाचा आहे! सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात फीट येते, त्यातल्या बहुतेकांना पुढे एपिलेप्सी होत नाही. ऊर्मिलाताई, पत्रकात 'आकडी' आणि 'फेफरं' वेगवेगळे ठेवता येतील का? आणि कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा, पाच मिनिटांच्या वर चालली तर लगेच दवाखाना, हे पहिल्या पानावर घ्या.

गोदाकाठ
नाशकाकडे तसा फरक नाही. आमची आई कोणत्याही वयाच्या माणसाला आकडीच म्हणायची, धनुर्वातालासुद्धा.

कृष्णाकाठची
धनुर्वाताला? आमच्याकडे त्याला कुणी आकडी म्हणणार नाही. अजून कोणत्या भागात म्हणतात?