‘आजीची भीती नातवात’ म्हणे सिद्ध झालीय!

रानवाट: काल इथे वाचलं, ‘आजीने भोगलेली भीती छोट्या आरएनएमार्फत नातवंडांच्या मेंदूत उतरते, हे सिद्ध झालंय.’ (छोटे आरएनए म्हणजे जनुकांचं काम कमी-जास्त करणारे पेशीतले रेणू.) रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, हे दिसलंय एक मिलिमीटरच्या सी. एलिगन्स कृमीत! प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की स्यूडोमोनास जिवाणूंनी आजारी पडलेल्या कृमीच्या पुढच्या चार पिढ्या तो जिवाणू टाळतात. पाचवी विसरते. २०२० मध्ये कारण सापडलं: जिवाणूचाच पी-११ हा छोटा आरएनए. तो कृमीचं माको-१ जनुक दाबतो, एएसआय नावाच्या चेतापेशीत डॅफ-७ या जनुकाचं काम वाढतं, कृमी पाठ फिरवतो. ३०२ चेतापेशींचा जीव हा. त्यावरून माणसाच्या आजीपर्यंत कसे पोचलात?

कोरडवाहू: पोस्ट माझी. पण २०१९ मध्येच तेल अवीवच्या ओडेड रेचावींच्या गटाने दाखवलं, की याच कृमीत चेतापेशींतल्या छोट्या आरएनएमुळे पुढच्या पिढ्यांचं अन्न शोधणं बदलतं. शरीरावर बेतलेलं बीजपेशींत उतरत नाही, ही वाइसमानची भिंत फुटली, हे लहान आहे का?

मीठभाकर: माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात एका गर्भसंस्कार वर्गात सांगितलं, ‘तुमची चिंता बाळाच्या आरएनएत उतरतेय.’ बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं. ती आजही स्वतःला दोष देते. तुमच्या भिंतीचं तिने काय करायचं?

कोरडवाहू: त्या वर्गाचं पाप माझ्या माथी का?

घंगाळ: सगळे वर्ग तसे नसतात. पहिलं मूल गेल्यावर माझी बायको रात्र रात्र जागायची. तिथे जायला लागली आणि झोपू लागली.

मीठभाकर: पोथी वाचा, गाणी ऐका, कोण अडवतंय? पण दरवेळी दोष बाईच्याच पोटात का शोधता? नवऱ्याला एकानेही विचारलं नाही.

घंगाळ: मी रोज सोबत जात होतो. न विचारता बोलू नका!

पेट्रीथाळी: मी तीन वर्षं हेच कृमी पाळले. हार्वर्डच्या क्रेग हंटर यांच्या गटाला पिल्लांत टाळाटाळ दिसली, नातवंडांत नाही. मर्फी म्हणतात, त्यांनी चाचणीच बदलली. चाचणीत कृमीसमोर दोन जिवाणूंचे ठिपके ठेवतात; सोडियम अझाइड या लुळं करणाऱ्या रसायनाने तो पहिल्या निवडीवरच थिजतो. ते नसेल तर तासाभरात तो नवं शिकून बसतो. नंतर इलिनॉयच्या एका गटाला नातवंडांतही परिणाम मिळाला. जिवाणू २५ अंशांऐवजी १५ वर वाढवले तरी खेळ फसतो. इन्क्युबेटर एका रात्रीत बिघडून माझं महिन्याचं काम गेलंय, म्हणून हंटरना खोटं म्हणवत नाही.

कोरडवाहू: बरं. ‘सिद्ध’ काढतो, आजीही काढतो. रेचावी राहणार.

मीठभाकर: राहू द्या. दुरुस्त केलीत की सांगा, वहिनीला पाठवायचीय.

घंगाळ: वर्गांबद्दल मी मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.