रेस दिली की गाडी थरथरते, पाय काढला की शांत. बॅलन्सिंग करूनही तेच

चौथागिअर
पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, चार सिलिंडर, मॅन्युअल, 2016 चं मॉडेल, 85 हजार किमी. सीएनजी किट नंतर बसवलेलं. टायर 175/65 आर14.

दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 60 च्या दरम्यान जोरात रेस दिली की अख्खी गाडी थरथरते. मागे तिघं बसले की जास्तच. पाय काढला की लगेच बंद. 90 ला एका वेगात मात्र गुळगुळीत. अलाइनमेंट-बॅलन्सिंग झालं, फरक शून्य. चेक इंजिनचा दिवा नाही. गॅरेजमध्ये सांगतात, आधी चारही प्लग-कॉइल (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) बदलू, मग इंजिनाची माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार). पैसे घालण्याआधी नक्की काय तपासावं?

पाना_दहाबारा
चाकाचं बॅलन्स गेलेलं असतं तर पाय काढल्यावरही थरथर राहिली असती, आणि बहुधा 80 च्या पुढे स्टिअरिंगमध्ये आली असती. ते विसरा.

उरले दोन संशयित: मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) किंवा अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा गिअरबॉक्सकडचा सांधा). गंमत अशी की बसल्या जागी दोन्ही जवळपास सारखेच वाटतात. 50 ला तुमचं चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेतं. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर, म्हणजे 22-23 धक्के. तिसऱ्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन 2500 च्या आसपास फिरतं. एक सिलिंडर चुकत असेल तर सेकंदाला 21 धक्के. नुसत्या अंदाजाने पार्ट बदलणारे इथेच फसतात.

म्हणून गिअर बदलून बघा. मोकळ्या चढावर 50 ला तिसऱ्यात पूर्ण रेस, मग त्याच 50 ला दुसऱ्यात. दुसऱ्यात आरपीएम साधारण दीडपट होतो. थरथरीचा ठेका जलद झाला तर दोष इंजिनात. ठेका तोच राहून जोर वाढला तर अ‍ॅक्सल.

हेच एकदा सीएनजीवर, एकदा पेट्रोलवर करा. सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडा पडतो.

मिसिंगच निघालं तरी चारही कॉइल एकदम घेऊ नका. दिवा नसला तरी स्कॅनर लावून पेंडिंग कोड (दिवा लागण्याआधी नोंदलेला दोष) बघा. पी0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावा. कोड पी0303 झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. प्लग इंजिन थंड असतानाच काढा. प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर वरच्या कव्हरचं पॅकिंग किंवा सील गळतंय; ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तिचं रबरही खराब होईल. आणि दिवा लुकलुकायला लागला तर रेस सोडा: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला आतून वितळवतं.

चौथागिअर
करून पाहिलं. दोन्ही इंधनांवर सारखंच. ठेका तोच, दुसऱ्यात जोर जास्त. स्कॅनरवर कोड नाही. खालून पाहिलं तर उजव्या बाजूला गिअरबॉक्सजवळच्या रबरी बूटला चीर आहे, आजूबाजूला काळं ग्रीस उडालंय.

घाटवाट
मग जॉइंटच. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, आणि रोलर ज्या खोबणीत सरकतात तिथे खाचा पडतात. ताकद आली की रोलर त्या खाचांत अडकत-सुटत जातात, म्हणून पाय काढताच शांत. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं, जॉइंटचा कोन वाढतो, थरथरही वाढते. वळताना कटकट आवाज येतो तो बाहेरच्या जॉइंटचा. त्यात आणि यात गल्लत नको.

काम असं: अ‍ॅक्सलचा मोठा नट चाकं जमिनीवर असतानाच सैल करा. मग जॅक, आणि जॅकस्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका. गिअर ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर शाफ्ट, म्हणजे हाच अ‍ॅक्सल, ओढताच सगळं अंगावर येईल. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवून हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढा, आतला जॉइंट पहारीने गिअरबॉक्सपासून हलकेच उचका. शाफ्ट धरून हिसडू नका, रोलर कपातून (खोबणी असलेल्या वाटीतून) निसटतात.

जॉइंट उघडून पुसा आणि खोबणीवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवा बूट-ग्रीस घालून उपयोग नाही. आतला जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट बदला. गुळगुळीत असेल तरच बूट किट, आणि किटमधलं ग्रीसचं पाकीट पूर्ण वापरा. बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही.

बसवताना सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी रिंग), ऑइल सील आणि अ‍ॅक्सलचा नट नवेच हवेत. नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळा, आणि तो आवळेपर्यंत गाडी त्या चाकावर लोटू नका. व्हील बेअरिंग जातं.

पाना_दहाबारा
शाफ्ट काढायच्या आधीच माउंटिंगही बघून घ्या. रबर फाटून इंजिन एका बाजूला बसलं असेल तर नवा जॉइंटही चुकीच्या कोनात फिरेल. हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडं ठेवून कोणाला तरी पहिला आणि रिव्हर्स टाकून अर्धा क्लच सोडायला सांगा; तुम्ही गाडीच्या समोर नको, बाजूला उभे राहा. इंजिन किंचित डुलणारच, पण धाडकन उसळून आपटत असेल तर तेवढं माउंटिंग बदला. आणि गिअर ऑइल गाडी सपाट जागी ठेवूनच भरा, लेव्हलच्या भोकाच्या कडेपर्यंत.